स्टुटगार्टमधलं घर देणाऱ्या ‘दादा’ला

‘मला दादाच म्हणा,’ असं तूच सांगितलं होतंस, म्हणून पत्राच्या माथ्यावर तेवढं ठेवलं आहे. पुढे म्हणणार नाही. तुझं खरं नाव मला ठाऊक नाही, फोन बंद आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटोही तू काढून टाकलास. त्यामुळे चारचौघांत लिहिण्यावाचून तू माझ्यासाठी दुसरी वाट ठेवलेली नाहीस. तू हे वाचशील याची मला खात्री आहे. नाशिकची बित्तंबातमी तुझ्याकडे असते. सिंहस्थाच्या कामांसाठी कुठले रस्ते खणलेत, गंगापूर धरण किती भरलंय, यावर माझ्या नवऱ्याशी तू अर्धा अर्धा तास बोलत होतास. स्वतःला इंदिरानगरचा म्हणवत होतास. परमुलखात जायला निघालेल्या माणसाला गावाकडचा आवाज ऐकून किती हायसं वाटतं, हे तुला नेमकं माहीत होतं आणि त्याचाच तू धंदा केलास.

स्टुटगार्ट हे नाव नाशिकला परकं नाही. त्र्यंबक रोडवरच्या चौकाला आजही सगळे मायको सर्कल म्हणतात. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण सातपूरच्या त्या कारखान्यात ज्यांची हयात गेली त्यांच्या घरात ‘जर्मनी’ आणि ‘स्टुटगार्ट’ हे शब्द जेवणाच्या ताटावर ऐकू येत आले आहेत. रॉबर्ट बॉशने १८८६ मध्ये त्याच शहरात आपलं वर्कशॉप काढलं होतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधून इंजिनिअर झालेली आमची पिढी आता तिकडच्या वेगवेगळ्या कंपन्यांत जाते, बायकामुलांसह जाते. तू नेमका याच वाटेवर दबा धरून बसलास.

आमची दुखरी नस तुला आमच्यापेक्षा नीट समजली होती. तिकडे घर भाड्याने घ्यायचं तर मालक तीन महिन्यांची पगारपत्रकं मागतो आणि ‘शुफा’ नावाचा अहवाल मागतो. माणसाने आजवर देणी वेळेवर फेडली की नाहीत, ते त्यात लिहिलेलं असतं. काल उतरलेल्याकडे यातलं काहीच नसतं. एकेका घरासाठी अर्जांचा ढीग पडतो, त्यात नव्या माणसाचा कागद तळाशी राहतो. तू म्हणालास, ‘मला शुफा नको, पगाराच्या स्लिपा नकोत, आपल्याच माणसाला घर द्यायचंय. माझी पुण्याला बदली झाली आहे, माझ्या जागी तुम्ही या.’ जाणाऱ्या भाडेकरूने पुढचा भाडेकरू सुचवायची पद्धत तिकडे खरोखरच आहे. तुझ्या प्रत्येक थापेखाली असा एकेक खरा तुकडा होता.

स्वयंपाकघराचंही तसंच. जर्मनीत बहुतेक घरं रिकामी मिळतात, म्हणजे अगदी रिकामी. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उपटून घेऊन जातो किंवा पुढच्याला विकतो. तू ते आम्हाला बाराशे युरोंना विकलंस. फोटोत पांढरी कपाटं होती आणि खिडकीतून टेकडीवरचा द्राक्षमळा दिसत होता. हा फोटो तू माझ्या सासऱ्यांना मुद्दाम वेगळा पाठवलास, कारण त्यांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे हे गप्पांच्या ओघात तू काढून घेतलं होतंस. स्टुटगार्टमध्ये शहराच्या आत टेकड्यांवर द्राक्षमळे आहेत, हेही खरंच. सासरे तो फोटो शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत होते.

डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याचं, तेतीसशे युरो. ‘सगळं आगाऊ भरायचं, इथला कायदाच तसा आहे,’ असं तू बजावलंस. कायदा वेगळंच सांगतो. तो डिपॉझिटला तीन महिन्यांच्या मूळ भाड्याची मर्यादा घालतो आणि तेवढी रक्कमसुद्धा तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला देतो. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. घर न बघता, किल्ली हातात न येता कोणी पूर्ण रक्कम मागितली तर तिथेच थांबावं, हे मी नाशिकमधून निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला इथे ठासून सांगते. ‘युरोत पाठवलंत तर बँक फुकट शुल्क कापेल, नाशिकच्या खात्यात रुपयेच टाका,’ हा तुझा शेवटचा सल्ला होता. सासऱ्यांनी साडेचार लाखांवर रुपये भरले. हंगामात माल युरोपला गेला होता, त्याचे ते पैसे होते. औषधाच्या अंशाची तपासणी, पेटीतल्या घडाघडाचा हिशेब, अवकाळीची धास्ती, या सगळ्यातून पार पडून त्या घरात आलेला पैसा युरोपच्याच नावाने तू एका दुपारीत उचललास.

ठरल्या दिवशी आम्ही फॉयरबाखमधल्या त्या पत्त्यावर गेलो. इमारत होती, घर नंबर बरोबर होता. दाराशी घंटांची पट्टी होती आणि प्रत्येक बटणापुढे आडनाव. आमची लेक अक्षरं लावायला नुकतीच शिकली होती. तिने खालपासून वरपर्यंत सगळी नावं बोटाने तपासली आणि विचारलं, ‘आई, आपलं नाव अजून लावलं नाही का?’ तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई खाली आल्या. त्या घरात त्या कित्येक वर्षं राहत होत्या. आमच्या हातातला करार बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही, कारण तोच कागद घेऊन त्यांच्या दारात आधीही एक भारतीय कुटुंब येऊन गेलं होतं. त्यांनी लेकीला आत नेऊन पाणी दिलं. तुझ्या फोटोतली कपाटं त्या घरात नव्हती आणि त्यांच्या खिडकीतून समोरची भिंत दिसत होती.

पैशांपुरतंच नुकसान झालं असं तुला वाटत असेल, तर ऐक. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. संसाराचं सगळं गाडं त्या एका कागदावर अडलेलं असतं. नोंदणी झाली की अकरा आकडी कर क्रमांक टपालाने येतो. तो यायला फार उशीर झाला तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. मुलामागे सरकार महिन्याला भत्ता देतं, २०२५ मध्ये तो २५५ युरो होता, त्याच्या अर्जालाही हा क्रमांक लागतो. बँक पत्ता विचारते, विम्याचं कार्ड पत्त्यावर येतं. टपालपेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र आल्या पावली परत नेतो. कंपनीने दिलेली खोली थोड्या दिवसांची होती आणि तिथला दाखला मिळत नव्हता. तू आमच्याकडून काय नेलंस ते आता कळलं का? आम्ही त्या शहरात राहतो, याचा पुरावाच तू नेलास.

लेकीचा बालवाडीतला प्रवेश त्यामुळे लांबणीवर पडला. तिच्या गोवराच्या दोन्ही लशींचा दाखला आम्ही नाशिकच्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी नेला होता, कारण २०२० पासून तिकडे त्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत. चिखलात खेळायची रबरी विजार, गमबूट, वर्गात घालायच्या सपाता, सगळी तयारी झाली होती. तिकडे मुलाला पहिल्या दिवशी सोडून येत नाहीत. आई किंवा बाप सुरुवातीला वर्गात बसतो, मग हळूहळू वेळ कमी करत मूल रुळतं. भाषा न येणाऱ्या मुलाला त्या दिवसांची किती गरज असते! ते दिवस आम्ही एका खोलीत बॅगा न उघडता काढले आणि लेक खिडकीतून दुसऱ्यांची मुलं ओळीने बागेत जाताना बघत राहिली. ही भरपाई तू कुठल्या खात्यात करणार आहेस?

एवढं करूनही तू थांबला नाहीस. आम्ही पैसे परत मागितल्यावर तू म्हणालास, ‘घर जाऊ द्या, पाचशे युरो द्या, दाखल्याचा कागद करून देतो, नोंदणी उरकून घ्या.’ जिथे राहणार नाही तिथला पत्ता नोंदवण्यासाठी असा दाखला देणाऱ्याला तिकडे पन्नास हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो आणि खोटी नोंदणी करणारा स्वतःही अडकतो. म्हणजे जे कुटुंब तू लुटलंस त्यालाच पुन्हा गुन्हेगार करायला निघाला होतास, तेही नव्या देशातल्या पहिल्याच महिन्यात.

विश्वास बसावा म्हणून तू जो पासपोर्ट पाठवलास, तोही तुझा नव्हता. तो आमच्याआधी फसलेल्या एका गृहस्थाचा होता. त्यांना आम्ही शोधून काढलं. त्यांनी घरासाठी तुला दिलेली प्रत तू स्वतःची म्हणून आम्हाला दाखवलीस. आता माझ्या नवऱ्याच्या पासपोर्टची आणि नोकरीच्या कराराची प्रत तुझ्याकडे आहे. तो चेहरा घेऊन तू उद्या कोणाला ‘आपला माणूस’ म्हणणार, या विचाराने मला पैशांहून जास्त संताप येतो.

ते गृहस्थ तक्रार करायला तयार नव्हते. गावाकडे कळलं तर काय म्हणतील, हीच त्यांची भीती होती. आम्हालाही ऐकवणारे भेटले: ‘एवढी शिकलेली माणसं आणि फसली?’ अशा प्रत्येकाला माझं सांगणं आहे की चोराची लाज ज्याच्याकडे चोरी झाली त्याने वाहायची नसते. लहान मूल घेऊन निघालेल्या आईबापांना डोक्यावर छप्पर आधी पक्कं करावंसं वाटतं, यात काही चुकीचं नाही. चुकीचा तू आहेस. आमच्या गप्प बसण्यावर तुझं फावतं. कोणी बोलत नाही, म्हणून पुढच्या कुटुंबाला तीच खिडकी आणि तोच मळा दाखवता येतो.

माझे सासरे याबाबतीत आम्हा सगळ्यांना पुरून उरले. द्राक्षाच्या पट्ट्यात व्यापारी माल नेऊन पैसे न देता पसार होतो, हे दुखणं जुनं आहे. शेतकरी कित्येक वर्षं नशिबाला दोष देत गप्प बसत. २०२० मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक होते. त्यांनी शेतकऱ्यांना पुढे येऊन तक्रारी द्यायला सांगितलं. तक्रारींची रीघ लागली, व्यापाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले आणि बुडालेले म्हणून सोडून दिलेले पैसे कितीतरी जणांना परत मिळाले. सासऱ्यांनी ते जवळून पाहिलं आहे. फोनवर ते एवढंच म्हणाले, ‘पैसे आले नाही तरी चालतील, पण तोंड बंद ठेवायचं नाही.’ त्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर स्वतः फोन लावला आणि बँकेची पावती घेऊन पोलिसांत जबाब दिला. पैसे गेल्याचं कळताच त्या नंबरवर फोन केला तर रक्कम खात्यातच गोठवता येण्याची शक्यता असते. आम्हाला कळेपर्यंत तू ती पुढे फिरवली होतीस.

आणि ते खातं? ते एका कॉलेजच्या पोराचं निघालं. महिन्याला थोडे पैसे मिळतील म्हणून त्याने आपलं एटीएम कार्ड आणि सिम तुझ्या हाती दिलं होतं. आता पोलिसांपुढे तो उभा आहे, तू नाहीस. त्याच्या आईने सासऱ्यांसमोर हात जोडले. त्या बाईला काय उत्तर द्यायचं, हे सासऱ्यांना सुचलं नाही. तुला सुचत असेल तर सांग.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जण पाठवायचं ठरलं. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी मुलं जर्मन शिकण्यासाठी वर्गांत बसली. इंजिनिअरच्या मागे निदान कंपनी असते. ही पोरं कर्ज काढून जाणार, त्यांच्यामागे बायको आणि मूल जाणार, आणि घर शोधताना पहिला मराठी आवाज तुझा ऐकू येणार. म्हणून हे पत्र नाशिकमध्ये छापून यावं, असा माझा हट्ट होता.

आम्हाला पुढे रीतसर घर मिळालं. मालकीणबाईंनी आम्हाला घरी बोलावलं, आधी घर दाखवलं, मग करार दिला आणि डिपॉझिटचे तीन हप्ते आपणहून सांगितले. तिथल्या स्वाबियन रिवाजाप्रमाणे दर आठवड्याला एकाच्या दारावर पाटी अडकवतात, त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी त्याची. पाटी आमच्या दारावर आली की लेक आधी झाडू पकडते. हे मी तुला मुद्दाम सांगते आहे, म्हणजे आपण त्यांचा संसार मोडला असं समाधान तुला मिळू नये.

आता माझी मागणी ऐक. आमच्याकडून आणि आमच्याआधीच्या कुटुंबाकडून घेतलेली रक्कम परत कर. पासपोर्टच्या प्रती जिथे जिथे वापरल्यास त्याची यादी पोलिसांना दे. त्या पोराला पुढे करून लपू नकोस, स्वतः हजर हो. फसवणुकीचा गुन्हा नाशिकमध्ये नोंदवला आहे, स्टुटगार्टच्या पोलिसांतही तक्रार दिली आहे, आणि ज्यांच्या पासपोर्टमागे तू लपलास ते गृहस्थही आता आमच्यासोबत तक्रारीवर सही करून उभे आहेत. आणखी कोणाला या माणसाने घर ‘दिलं’ असेल, तर त्यांनीही आपल्या पावत्या घेऊन पोलिसांकडे यावं.