गो, नो-गो आणि सत्ती-दुर्री

चाकणच्या कंपनी-बसमध्ये खिडकीची जागा म्हणजे मानाचा पाट. तो नोकरीच्या वर्षांवर मिळतो. आमच्या बसमध्ये उजवीकडच्या तिसऱ्या खिडकीशी रेंजराव बसतात. त्यांचं पाळण्यातलं नाव हजेरीच्या मशीनला ठाऊक आहे, बाकी सगळ्यांना ते रेंजराव. भोसरीला चढल्यापासून इंद्रायणीचा पूल येईपर्यंत 'रेंज' हा शब्द ते इतक्या वेळा उच्चारतात, की नव्या ट्रेनी पोरांना वाटायचं गृहस्थांच्या मोबाइलला नेटवर्क नाही.

"रेंज जरा वाढवायला हवी," ते एकदा खिडकीबाहेर बघत पुटपुटले.

"सिम बदला की काका," मागून एक पोरगा म्हणाला.

रेंजरावांची रेंज टॉवरची नव्हती, पोकरची होती. वाटलेल्या हातांपैकी कोणते खेळायचे आणि कोणते टाकून द्यायचे, ही जी हद्द, ती रेंज. तिच्यापायी हा माणूस कसा बदलला हे सांगण्याआधी तो कंपनीत काय करतो ते सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

रेंजराव क्वॉलिटीत आहेत. गाड्यांना लागणारी बुश आमच्याकडे बनते आणि तिचं भोक तपासायला त्यांच्या हातात प्लग गेज असतो. त्याचं एक टोक 'गो' आणि दुसरं 'नो-गो'. गो गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये. नो-गो गेला की नग थेट लाल डब्यात. या लाल डब्याला कुलूप असतं, कारण महिनाअखेरीला टार्गेट भरायला त्यातलाच माल उचलून पुन्हा पेटीत भरणारे महाभाग प्रत्येक शॉपवर असतात. किल्ली रेंजरावांच्या पट्ट्याला. प्रॉडक्शनवाल्यांनी त्यांना चहा पाजून पाहिला, दिवाळीला चिवडा देऊन पाहिला. चिवडा संपला, नग डब्यातच राहिला.

असा हा माणूस रात्री मोबाइलवर पोकर खेळायला बसायचा. मूळचे खानदेशातले, त्यामुळे पत्ते रक्तातच. आखाजीला तिकडे लेकीबाळी झोक्यावर असतात आणि पुरुषमंडळी पत्त्यांवर. तीनपत्तीत ब्लाइंड खेळून खेळून रेंजरावांची मान लहानपणीच ताठ झाली होती. पण पोकर त्यांना अभ्यासाचा खेळ वाटला. आपल्या हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच, आणि सातांतून उत्तम पाच जुळवायची. बावन्न पानांतून दोन पानांचे हात निघतात 1326. रंगांची अदलाबदल सोडली तर त्यांचे प्रकार उरतात 169. तेरा आडव्या, तेरा उभ्या अशा चौकटी आखून ते एका कागदावर मावतात.

रेंजरावांनी तो कागद एक्सेलमध्ये केला, त्याला 'कंट्रोल प्लॅन' असं नाव दिलं, रिव्हिजन नंबर टाकला आणि लॅमिनेट करून आणला. हिरव्या चौकटी खेळायच्या, लाल टाकायच्या. नऊ जणांच्या टेबलावर सांभाळून खेळणारा शंभरातले पंधरा-वीस हात खेळतो. रेंजराव बारा खेळायचे. एक्क्यांची जोडी 221 हातांत सरासरी एकदा येते. तिची वाट पाहत ते रविवारी दुपारी पाच-पाच तास नुसते हात टाकत (फोल्ड करत) बसायचे. "हे कोणतं भजन करताहेत?" असं वहिनींनी एकदा मला विचारलं. त्या काळात रेंजराव फारसे जिंकले नाहीत, पण हरलेही नाहीत. माणसाला नेमकं हेच सहन होत नाही.

मग डेव्हिएशन सुरू झालं. आमच्या धंद्यात हा शब्द फार पवित्र आहे. माल किंचित मापाबाहेर गेला, पण चालण्यासारखा असला, तर कस्टमरच्या सहीने तेवढे नग सोडता येतात. त्या कागदावर संख्या असते आणि तारीख असते. तारीख उलटली की सवलत संपली. रेंजरावांच्या पहिल्या डेव्हिएशनलाही शास्त्राचा आधार होता. टेबलावर माणसं कमी असतील, आपली बोलायची पाळी शेवटी असेल किंवा समोरचे कच्चे असतील, तर रेंज वाढवावी, हे जाणकारही सांगतात. इतरांचे डाव पाहून बोलणाऱ्याला हलका हातही परवडतो. रेंजरावांनी यातलं 'वाढवावी' एवढंच उचललं. आपल्या डेव्हिएशनवर तारीख टाकायला ते विसरले.

आधी दुर्री-तिर्रीच्या जोड्या हिरव्या झाल्या. मग एका रंगाची कुठलीही दोन पानं. गुलाम-चौकी घेऊन बसले होते तेव्हा मी विचारलं, "हे कशासाठी?"

"सूटेड आहेत ना!"

'सूटेड आहेत ना' हे त्यांचं 'श्री गणेशाय नमः' झालं. वास्तविक एका रंगाची दोन पानं हातात असताना मधल्या पहिल्या तीन पानांतच रंग पुरा होणं 119 वेळांत एकदा घडतं. हे त्यांनीच मला आकडेमोड करून दाखवलं होतं. मग दश्शी-दुर्री आली, तीही रंग नसलेली. तिच्यासाठी त्यांनी थेट इतिहासाची साक्ष काढली. डॉइल ब्रन्सन नावाच्या अमेरिकन खेळाडूने 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षं जागतिक स्पर्धेचा शेवटचा डाव दश्शी-दुर्रीवर मारला. गोष्ट खरी आहे. फक्त त्या दोन डावांच्या अलीकडे-पलीकडे ब्रन्सनने किती दश्शी-दुर्री फेकल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

शेवटचा बुरूज तळेगाव चौकात पडला. बस चाळीस मिनिटं जागची हलली नव्हती. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मधल्या फटीतून उलटे येणारे दुचाकीवाले. रेंजरावांच्या मोबाइलवर आली किल्वर सत्ती आणि बदाम दुर्री. जगभर सर्वांत वाईट मानला जाणारा हात.

"टाका," मी म्हणालो.

"सक्तीचा ब्लाइंड भरलाय आधीच. अर्धं भाडं दिल्यावर रिक्षातून उतरतं का कोणी?"

मधे पानं उघडली. राजा, सत्ती, दुर्री. दोन्ही पानांना जोडीदार मिळाला. असं पन्नासात एकदा होतं. समोरचा एक्का-राजा घेऊन फुशारला होता. त्याने सगळं पुढे केलं, यांनीही केलं, आणि आठशे चाळीस रुपये रेंजरावांच्या खात्यात आले. बसभर पेढे वाटल्यासारखा मोबाइल फिरला. त्या दिवशी हरले असते तर वाचले असते. आठशे चाळीस रुपयांत त्यांचा कंट्रोल प्लॅन अख्खा हिरवा झाला.

त्याच सुमारास कंपनीत 'पोका-योके'चं ट्रेनिंग निघालं. माणसाच्या हातून चूक होऊच नये अशी आधीच तजवीज करण्याची ही जपानी पद्धत. नोटीस बोर्डावरचं पहिलं अक्षर वाचून रेंजरावांनी सर्वांत आधी नाव दिलं आणि पहिल्या रांगेत वही घेऊन बसले. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा चेहरा पडला. पण ते उठले नाहीत, परीक्षेतही पहिले आले. शिकलेलं कंपनीच्या गेटबाहेर न्यायचं नाही, हा नियम मात्र त्यांनी कसोशीने पाळला.

सरकारनेही आपल्या परीने त्यांना आवरून पाहिलं. एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस आला, ऑक्टोबरपासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी. "म्हणजे माल आत येतानाच रिजेक्शन," रेंजराव म्हणाले, आणि तूट भरून काढायला रेंज आणखी वाढवली. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली. 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावायचं टेबल मोबाइलवरून उठलं. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. तो आठवडाभर रेंजराव भोसरी ते चाकण नुसते खिडकीबाहेर बघत होते. चिंबळी फाटा कुठे येतो, हे त्यांना बारा वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

पण सवय कायद्याने जात नाही, ती जागा बदलते. आता ते फुकटच्या चिप्सवर खेळतात आणि 1326 पैकी 1326 हात खेळतात. उरलेली रेंज संसारात पसरली आहे. येईल त्या आयपीओला अर्ज, सुरू होईल ती भिशी, आणि परवा राजगुरुनगरच्या पुढचा एक गुंठा. चाकण-खेडला विमानतळ होणार म्हणून ज्यांनी जमिनी धरल्या, त्यांचं विमानतळ कागदावरूनच पुरंदरला उडालं, याची मी आठवण करून दिली.

"रस्ता तरी आहे का त्या गुंठ्याला?"

"रस्ता नाही, पण शेजारच्या प्लॉटला आहे." मग हळूच म्हणाले, "सूटेडच म्हणा ना."

परवा महिनाअखेर होती. डिस्पॅचचा ट्रक गेटला उभा, चार नग कमी. बुश हातात घेऊन सुपरवायझर रेंजरावांच्या टेबलाशी आला. म्हणाला, दोन मायक्रॉनचा तर प्रश्न आहे, कोण बघतंय? रेंजरावांनी गेज उचलला. नो-गो गेला. चारही नगांत गेला. त्यांनी डबा उघडला, नग टाकले, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. ट्रक चार नगांविना गेला.

परतताना बसमध्ये मी विचारलंच, "इथं दोन मायक्रॉन सोडत नाही, मग तिथं सत्ती-दुर्री कशी सोडता?"

"इथं सोडलेलं परत येतं हो. कस्टमर परत पाठवतो, वर पत्र लिहितो."

"आणि तिथं?"

रेंजरावांनी थोडा विचार केला. "तिथं गेलेलं परत येत नाही."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं की सोय म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. वहिनींना मात्र कळलं असावं. लाल डब्याची किल्ली अजून रेंजरावांच्या पट्ट्याला आहे. पासबुक आणि एटीएम कार्ड गेल्या महिन्यापासून वहिनींच्या कपाटात आहेत, आणि त्या कपाटालाही कुलूप आहे.