पत्ता सांगा, कलम लावतो

धाराशिव जिल्ह्यात विहिरीवरची मोटार गेली, गोठ्यातल्या शेळ्या गेल्या, की तपासाचा श्रीगणेशा कुठून करायचा याबद्दल पारावर फारसे मतभेद नसतात. पारध्यांच्या वस्तीला इकडे ‘पारधी पिढी’ म्हणतात. संशयिताच्या पत्त्यात ती आली की निम्मा तपास आटोपला असं पार धरून चालतो. ठसे, साक्षीदार, पुरावा ही किरकोळ कामं मागाहून.

संविधान मात्र व्यवहारशून्य. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करा, असं कलम 22 म्हणतं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको, असं कलम 20. पत्त्याचा रकानाच नाही!

इंग्रज याबाबतीत चोख. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आरोप, खटला आणि निकाल ही तिन्ही कामं पारध्यांसारख्या जमातींत बाळ जन्मतानाच उरकून टाकली. धाराशिव तेव्हा निजामाकडे होतं, पण शेजारी सोलापुरात पुढे अशा जमातींना डांबायची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट झालीच. 26 जानेवारी 1950 ला संविधान आलं, तरी हा कायदा जायला 31 ऑगस्ट 1952 उजाडला. मग 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला.

3 ऑक्टोबर 2024 रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला लावला. विमुक्तांना, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना, मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं. स्वातंत्र्यानंतर 77 वर्षांनी, म्हणजे कोर्टकचेरीच्या मानाने तसं लवकरच.

पत्त्याबरोबर गरिबी जोडली गेली की काय होतं, ते नाशिकने दाखवलं. जून 2003 मध्ये तिथे एका दरोड्यात पाच जणांचे खून झाले. जखमी साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या अल्बममधून चौघांना ओळखलं. खटला उभा राहिला भलत्याच सहा जणांवर. सगळे भटक्या जमातीतले मजूर. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यातला एक घटनेवेळी अल्पवयीन होता, हे नंतर ध्यानात आलं. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं.

तुरुंगात गेलेली वर्षं 16, भरपाई माणशी पाच लाख. भागाकार केला तर रोज पडतो सुमारे 86 रुपये. त्या साली रोजगार हमीवर राज्यात 206 रुपये मिळत होते. पण तिथे खड्डे खणावे लागतात, भाकरी घरून न्यावी लागते. फाशीच्या कोठडीत राहणं-जेवण सरकारकडे होतं.