रबडीतली प्रदक्षिणा

"बाबा, थंडी संपली," असं मुलानं जाहीर केलं, त्या दिवशी बाहेर तीन अंश होते. डोंबिवलीत तीन अंश झाले असते तर आमची सोसायटी बातम्यांत आली असती. बोस्टनला शेजारचा गृहस्थ अर्ध्या चड्डीत गाडी धूत होता.

मार्चचा पहिला रविवार. वॉल्डन तळ्याच्या निसर्गफेरीत मुलानं आमची नावं परस्पर घालून टाकली होती. "तळ्याभोवती पावणेतीन किलोमीटर, बस्स."

"म्हणजे प्रदक्षिणाच की," बायको म्हणाली आणि तिनं पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या भरल्या.

चिखलाचा मला पिढीजात अनुभव. आजोळ कोकणातलं, भातलावणीत वाढलेला माणूस. त्यामुळे वाटाड्या बाईंनी "बुटांना लावायच्या दातेरी साखळ्या कुणाला हव्यात?" असं विचारलं, तेव्हा मी हसून मान हलवली. बायकोनं निमूटपणे एक जोड उचलला.

पण हा चिखल नव्हताच. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं महिनाभर चाललं की बर्फाचं जे काही होतं त्याला इकडे स्लश म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, कारण आपल्यावर तशी वेळ आली नाही. दिसायला करपलेली रबडी. वाटेच्या मधोमध शेकडो पायांनी तुडवून घट्ट झालेला बर्फाचा कणा, काचेसारखा गुळगुळीत, वर बोटभर पाणी. कण्यावरून चालावं तर पाय घसरतो, बाजूला उतरावं तर गुडघ्यापर्यंत आत जातो. मी दोन्ही करून पाहिलं. कधीकधी एकाच वेळी. भातखाचर निदान आधी सांगून ठेवतं की मी खोल आहे.

बाईंना मात्र जिकडेतिकडे वसंत दिसत होता. "ऐका, चिकडी गातोय!" त्या कुजबुजल्या. चौदा माणसं श्वास रोखून उभी राहिली. त्या शांततेत माझ्या बुटातून पचक् असा आवाज आला. चिकडी उडाला.

तळ्यापासून जरा आडबाजूला दलदल होती. तिथं बर्फातून तांबूस-जांभळ्या टोप्या वर आल्या होत्या आणि प्रत्येक टोपीभोवती बर्फ वितळून गोल आळं झालं होतं. ही स्कंक कॅबेज. हे झाड स्वतःची ऊब स्वतः तयार करतं, फुलाच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी जास्त असू शकतं आणि पान कुस्करलं तर घाण वास येतो, असं बाई सांगत होत्या. मी मोजा काढून तिथं पाय ठेवावा का, या विचारात होतो. बायको मात्र वाकून त्या टोपीच्या आतला दांडा निरखत होती.

"अहो, हा अळूचा कुणीतरी आहे."

मी तिला गप्प करणार, तेवढ्यात मुलानं ते इंग्रजीत सांगूनही टाकलं. बाई थक्क. कुळ खरोखरच एक निघालं, अळू-सुरणाचं. "मग खाजतही असेल," बायको म्हणाली. खाजतं, बाई म्हणाल्या. "चिंच घालायची," बायको म्हणाली. एका आजोबांनी वही काढून हे लिहून घेतलं. पुढची सगळी वाट बाई बायकोच्या बरोबरीनं चालल्या. मी सर्वांत मागे, पायाचा अंदाज घेत.

तळ्याकाठी राहिलेल्या अमेरिकन लेखक थोरोच्या झोपडीच्या जागी आता दगडी खांब आणि भक्तांनी आणून टाकलेल्या दगडांचा ढीग आहे. १८४५ साली तो इथं राहायला आला. दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली, बांधायला खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. आकडा ऐकून मुलानं सुस्कारा सोडला. त्याच्या घराचे हप्ते अजून चोवीस वर्षं आहेत.

मग बाईंनी आम्हा दोघांकडे वळून खास मुंबईकरांसाठी म्हणून एक गोष्ट सांगितली. त्या काळी बोस्टनचे व्यापारी इथल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात बांधून जहाजानं हिंदुस्थानात धाडायचे. कलकत्त्याला पहिली खेप १८३३ मध्ये पोचली. पुढे मुंबईतही बर्फ जायचा. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डनवरही मजूर उतरले. काठावर बर्फाचा डोंगर रचला, गवत-फळ्यांनी झाकला. त्यातला थोडाच विकायला गेला. उरलेला उन्हापावसात तसाच पडून राहिला. तो पुरता वितळायला सप्टेंबर १८४८ उजाडला आणि तळ्याचं पाणी बहुतेक तळ्यातच परत गेलं.

"म्हणजे आमच्या वाट्याचं राहिलंच," असं इंग्रजीत म्हणायला मी एक पाऊल पुढे टाकलं आणि फतकल मारून रबडीत बसलो. चौदा माणसं मदतीला धावली. कण्यावरून धावायचं नसतं, हे बाईंनी सांगितलं होतं. तिघं माझ्या शेजारी येऊन बसले. बायको दातेरी साखळ्या रोवून ताठ उभी होती. तिनं आम्हा चौघांना एकेक पुरी दिली.

माझा डावा बूट मुलानं हातानं खणून काढला. तो रेडिएटरजवळ आठवडाभर पालथा होता, तरी वाळला नाही. परतीच्या दिवशी तसाच बॅगेत कोंबला. विमानतळावर बॅग सहाशे ग्रॅम जास्त भरली.

"काय आहे आत?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"वॉल्डनचं पाणी," बायको म्हणाली. "मुंबईला चाललंय."