सर्वेवाला

पाली हे बिंदुसरा धरणाचं गाव, बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. तिथं समाजसेवक किती, हे मोजायचं तर घरोघर फिरायची गरज नाही, विजेचे खांब मोजावेत. प्रत्येक खांबावर एक 'युवा समाजसेवक' असतो. पांढरा शर्ट, कानाला मोबाईल, खाली वीस-पंचवीस शुभेच्छुकांची तोंडं. यातल्या एकालाही कधी समाजसेवेची परीक्षा द्यावी लागलेली नाही. याच गावातलं एक पोरगं मात्र समाजकार्याची फी भरतं, सत्रामागून सत्र पेपर लिहितं, एखादा राहिलाच तर एटीकेटीत सोडवतं, आणि त्याचा फोटो कॉलेजच्या ओळखपत्राशिवाय कुठंच नाही. म्हणून तो ओळखपत्र म्हशीला पाणी पाजतानाही गळ्यात ठेवतो.

हा बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याच्या पदवीचा विद्यार्थी. अशी पोरं जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत सापडतात. कुणी अंबाजोगाईला मानवलोकच्या कॉलेजात जातं, कुणी बीडला, हुशार आणि नशीबवान असेल तर तुळजापूरला 'टाटा'त. समाजसेवा हौसेवर सोडू नये, तिचं शिक्षण द्यावं, हा विचार आपल्याकडे 1936 साली मुंबईत आला. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन पाद्री नागपाड्यात काम करत होते, त्यांच्या पुढाकाराने टाटांच्या ट्रस्टने शाळा काढली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पालीत हा विचार अजून पोचायचा आहे. आमच्या नायकाच्या आजीचं म्हणणं स्पष्ट आहे : "लोकाची कामं आपुन फुकट करतो, अन् हे लेकरू पैशे भरून शिकायलंय."

वडिलांनी मात्र खुशीने फी भरली, कारण बसस्टँडवर त्यांना कुणीतरी सांगितलं की बीएसडब्ल्यू ग्रामसेवकाच्या भरतीला चालतं. समाजकार्य या विषयातलं त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं आहे आणि माझ्या मते फारसं चुकीचं ठेवलेलं नाही.

गावाने त्याचं नाव 'सर्वेवाला' पाडलं ते पहिल्याच वर्षी. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य. म्हणजे पाठीला सॅक, हातात लांब रजिस्टर आणि तोंडात एकच प्रश्न : "तुमच्या मुख्य समस्या कोणत्या?" लोक आनंदाने समस्या सांगायचे, घरकुलाचे कागद द्यायचे, आधारची झेरॉक्स द्यायचे. महिन्याभराने पहिला हप्ता कधी येतो म्हणून विचारायला घरी यायचे. हप्ता येत नाही म्हटल्यावर एका आजोबांनी झेरॉक्सचे दोन रुपये परत मागितले. एकाने तर तोंडावर सुनावलं, "तिकडं इन्फंट इंडियात बघ. दत्ता अन् संध्या बारगजेंनी एचआयव्ही झालेली लेकरं सांभाळली. तू काय सांभाळतो? वही!" त्याने हे वाक्यही वहीत लिहून घेतलं. त्याखाली 'प्रतिसाद : नकारात्मक, रॅपो वाढवणे आवश्यक' असा शेरा आहे.

त्याच वर्षी त्याच्या आयुष्यात फेलिक्स बिस्टेक आले. हेही पाद्रीच. त्यांनी 1957 साली व्यक्तीसोबत काम करण्याची सात तत्त्वं सांगितली : माणसाला आहे तसा स्वीकारा, त्याच्याबद्दल निवाडा करू नका, त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्या, त्याचं गुपित राखा, वगैरे. बिस्टेकना चुलते नसावेत. आमच्या नायकाला चार आहेत. थोरल्याने विचारलं, "कापूस लावू का सोयाबीन?" यावर उत्तर आलं, "काका, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" काकाला वाटलं ते त्याने मोठ्याने सांगितलं, सगळ्या गल्लीने ऐकलं. आईने भाजीत मीठ जास्त झालंय का विचारलं, तेव्हा तो निवाडा न करता गप्प राहिला आणि पाण्याचे तीन पेले प्याला. गोपनीयतेसाठी तो अहवालात माणसांची नावं 'क्ष' आणि 'य' अशी लिहितो. "क्ष यांना दोन बायका असून ते पिठाच्या गिरणीशेजारी राहतात." पारावर हा अहवाल वाचला गेला तेव्हा क्ष स्वतः तिथंच बसलेले होते.

दुसऱ्या वर्षी समुदाय संघटन. मारुतीच्या देवळापुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, लोकांनी स्वतः घरं, विहिरी, रस्ते दाखवायचे आणि गरजा ठरवायच्या, अशी पद्धत. रांगोळी टाकताना एक बांध जरा उत्तरेला सरकला. कोर्टात वर्षानुवर्षं पडून असलेला भावकीचा वाद तिथंच जिवंत झाला, दोन्ही बाजू रांगोळी पुसून आपापला बांध ओढू लागल्या. याने नोंद केली : 'लोकसहभाग उत्स्फूर्त.' शेवटी शेळ्या आल्या आणि सीमा मिटल्या. गरजांच्या यादीत पुरुषांनी सभामंडप पहिला सांगितला, बायकांनी पाणी. धरण उशाला असलेल्या गावात पाणी कसं, असं त्याने विचारलं. तेव्हा एका बाईने रिकामा हंडा त्याच्याच हातात दिला आणि म्हणाली, "चल, दावते." तो अहवाल त्या वर्षी वर्गात सगळ्यात बरा ठरला, हे मुद्दाम सांगायला हवं.

तिसरं वर्ष संशोधनाचं, आणि इथं त्याची खरी फजिती झाली. विषय : ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराची कारणे. बीड जिल्ह्यात दुसरा विषय घेणं म्हणजे नदीत उभं राहून पाणी शोधणं. नमुना निवडायला त्याने चिठ्ठ्या टाकल्या, शास्त्राप्रमाणे. पण महिना होता डिसेंबर. चिठ्ठीत निघालेली निम्मी माणसं दिवाळीनंतरच पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर गेलेली. दाराला कुलूप, ओट्यावर म्हातारी, शेजारी नातवंडं. कारणं विचारायला म्हातारीच उरली होती आणि तिला ऐकू कमी यायचं. मग तो मुकादमाकडे गेला. मुकादम म्हणजे धाकटे चुलते. "कारणे सांगा," म्हणाला. चुलते म्हणाले, "कारण एकच, उचल. फिटत नाही म्हणून जातात, गेले की पुन्हा घेतात." "तुमच्या मते उपाय?" "ते तू शिकायलास ना!"

तक्त्यात एक रकाना होता : कमावते सदस्य किती. फोनवर उत्तर आलं, "एक कोयता." त्याने 'एक' लिहिलं. पुढच्या घरीही एक, त्याच्या पुढच्या घरीही एक. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. पण इंग्रजीतून भाषांतरित झालेली प्रश्नावली हातात आली की माणूस गावचं विसरतो. सगळ्या तक्त्यांतून बाया गळाल्या. सरांच्या नजरेतूनही ते सुटलं. त्याचं त्यालाच एका रात्री कळलं आणि त्याने सगळे फोन पुन्हा लावले. फड सुटल्यावर, रात्री दहाला. लोकांनी शिव्या दिल्या. बिस्टेकप्रमाणे त्याने त्या स्वीकारल्या.

आता त्याच्या बाजूनेही थोडं बोलतो. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांत चाळिसांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली. पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवून फडावर जायचं, हा प्रश्न त्यामागे असतो आणि तो खोटा नाही. तरी भावकीतल्या नववीच्या पोरीची पत्रिका घरात आली, तेव्हा या पोराने कुणाला "तुम्हाला काय वाटतं" असं विचारलं नाही. गच्चीवर जाऊन मुलांच्या मदतीचा 1098 लावला. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली महाराष्ट्रात गावपातळीवर असं लग्न थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकाची. ते आले, पोलीस आले, आचाऱ्याचं ॲडव्हान्स बुडालं. फोन कुणी केला ते गावाला आजतागायत कळलेलं नाही. सगळा संशय ग्रामसेवकावरच आहे आणि त्यांनी बदलीचा अर्ज दिलाय. वडील त्या जागेकडे डोळे लावून बसलेत. पोरगं गप्प आहे. गोपनीयता हे तत्त्व त्याने पहिल्यांदाच पूर्ण पाळलं.

तेव्हा तो तुमच्या दारात रजिस्टर घेऊन आला, तर त्याला चहा द्या, खरी उत्तरं द्या आणि क्षेत्रकार्याच्या वहीवर सही करा. तेवढ्यावर त्याचे गुण अवलंबून असतात. आधारची झेरॉक्स देऊ नका. आणि यंदा कापूस लावू का सोयाबीन, हे त्याला विचारू नका.