चित्रात शिरण्याची सोय

पूर्वी चिनी चित्र बघायचं म्हणजे गुंडाळी हातभर उलगडायची, मान वाकवून निरखायची, गुंडाळायची आणि मग पुढचा हातभर. आता तसले कष्ट नाहीत. 'इमर्सिव्ह' प्रदर्शनात चित्रच भिंतीवरून, जमिनीवरून अंगावर येतं. बीजिंगमधल्या अशा एखाद्या अंधाऱ्या दालनात शाळकरी पोरांचा घोळका सोडा आणि गंमत बघा. जुन्या चिनी चित्रकाराचे, वांग शीमेंगचे, निळे-हिरवे डोंगर भिंतभर सरकताहेत आणि पोरं त्यांच्याकडे पाठ करून उभी. सेल्फीत डोंगर मागेच यायला हवेत ना!

मूळ चित्र रेशमावरचं, १११३ सालचं. उंची जेमतेम अर्धा मीटर, लांबी जवळजवळ बारा मीटर. ते काढलं तेव्हा वांग अवघा अठरा वर्षांचा होता म्हणतात. म्हणजे या पोरांहून दोन-तीन वर्षांनीच मोठा. बाईंनी हे सांगितल्यावर एखादा विचारणारच, "मग त्याचे फॉलोअर किती?" एकच. पण तो सम्राट हुइत्सुंग होता.

अर्थात, पोरांना नावं ठेवण्यात हशील नाही. चीनचा छ्येनलुंग बादशहा तरी वेगळं काय करायचा? आवडत्या चित्रावर लाल शिक्के ठोकायचा, मोकळी जागा दिसली की स्वतःची कविता लिहून टाकायचा. 'मीही हे पाहिलं' हे जगाला सांगायची खाज जुनीच आहे. फरक एवढाच, की पोरांचं स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं. बादशहाचे शिक्के अजून तिथेच आहेत.