काय एक होऊक नाय!

चौक्यात जा, कट्ट्यात जा की कुंभारमाठात. रस्त्याकडेला चिऱ्याच्या भिंतींची, पत्र्याच्या पडवीची एक खोली असतेच. दारात चाक नसलेली एक स्कूटर, मालक नसलेली एक मोटरसायकल आणि नंबरातला ‘एमएच ०७’ खाऱ्या वाऱ्याने अर्धा खाल्लेली एक रिक्षा. एवढी लक्षणं जुळली की समजावं, मेस्त्री आत आहेत. आहेत म्हणजे दोन पाय दिसतात. उरलेले मेस्त्री टेंपोखाली असतात.

गिऱ्हाइकाला बसायला जुन्या जीपची सीट. पण तिच्यावर आधीच एक तात्या बसलेले असतात. त्यांच्याकडे गाडी नाही, कधी नव्हती. ते पेपर वाचायला येतात. आपण उभ्यानेच गाऱ्हाणं घालायचं: चढणीला दम लागतो, सकाळी किक बसत नाही, मधूनच खडखड होते. दर वाक्याला तात्या पेपरातून मान न काढता ‘होय म्हाराजा’ म्हणतात. टेंपोखालून शब्द नाही. मग एकदम हुकूम येतो, "चालू करा." घटकाभर इंजिन ऐकून निकाल लागतो, "काय एक होऊक नाय!"

खर्चाच्या तयारीने आलेला माणूस हिरमुसतो. निदान टायर तरी बदला म्हणावं, तर उत्तर येतं, "ह्यो टायर आजून एक पावसाळो काढतलो. पैशे जास्ती झाले काय?" मग गाडी बाजूला राहते आणि गाडीवाल्याची दुरुस्ती सुरू होते. "चेन बगा कशी कोरडी पडली ती. तेल काय भजी तळूक वापरलास?" मेस्त्री गिऱ्हाइकाशी भांडतात, पण त्याच्याच खिशाच्या बाजूने. एखादा पार्ट बदललाच, तर जुना कागदात गुंडाळून हातात देतात. ‘ही बगा, जळली’ म्हणत क्लचप्लेट अशी दाखवतात की आपल्यालाच शरम वाटावी. गुंडाळायला कागद अर्थातच तात्यांचा. बहुधा तेच पान, जे त्यांचं वाचून व्हायचं असतं.

समुद्रकाठच्या मेस्त्रींचा खरा वैरी गंज. मासळीवाल्या काकींच्या गाडीवर क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी ठिबकतं आणि चासी खात जातं. "काकी, ही गाडी बांगड्याआदी कुसतली," असं बजावत ते क्रेटखाली ट्रे बसवतात आणि पाणी बाहेर सोडणारी नळी लावून देतात. काकी पैशांऐवजी चार बांगडे ठेवून जातात. ते मात्र कुसलेले नसतात.

पर्यटक ही वेगळी जात. तारकर्लीच्या रेतीत ते थेट पाण्यापर्यंत गाडी घालतात आणि ॲक्सिलरेटर दाबून दाबून चाकं आणखी रुतवतात. मेस्त्री येऊन आधी चाकांतली हवा कमी करतात, कारण पसरलेलं चाक रेतीवर तरतं. गाडी बाहेर निघाली की खालून गोड्या पाण्याने धुवायला लावतात. पैसे विचारले, तर म्हणतात, "हवा काढल्याचे पैशे नाय. भरूचे तेवडे दिया."

जुलैत ओहोळाचं पाणी रस्त्यावर येतं आणि कुणाची तरी मोटार त्यात बंद पडते. फोन उचलताच मेस्त्री ओरडतात, "चावी फिरवू नकात!" इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला, तर पिस्टन पाणी दाबायला जातो, पाणी काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. हा ओरडा फुकट असतो. त्याने वाचलेलं इंजिन फुकट नसतं.

दोष एकच, वेळ. ‘उद्या’ म्हणजे कुठल्या महिन्यातला, हे विचारायचं नाही. त्यातून पार्ट कोल्हापूरहून यायचा आणि घाटात दरड आलेली असायची. चतुर्थीच्या तोंडावर तर चाकरमान्यांच्या सगळ्या गाड्या पडवीतून एकदमच बाहेर निघतात: टाकीत शिळं पेट्रोल, कार्बोरेटर चोंदलेला, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. ‘जुलैतच आणा’ हे दर वर्षी सांगूनही कुणी आणलेली नसते. मग मेस्त्री सगळ्यांना शिव्या घालतात आणि गणपती बसायच्या आदल्या रात्रीपर्यंत सगळ्यांच्या गाड्या चालू करून देतात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, दुचाकींतला कार्बोरेटर जवळजवळ गेला आणि कानाने ट्यूनिंग करणाऱ्या मेस्त्रींसमोर सेन्सर येऊन बसला. नवी गाडी पाहून ते स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतात. "ह्या माझ्या हातचा नाय. कंपनीत नेवा." वर शिकवूनही पाठवतात, कशाला हो म्हणायचं आणि कशावर सही करायची नाही.

कंपनीत वातानुकूलित खोली, कॉफी आणि ‘सर’. दोन दिवसांनी गोड आवाजात फोन येतो, दहापैकी किती गुण देणार? आपण दहा देऊन फोन ठेवतो. मेस्त्री फोन करत नाहीत. मालवणच्या मासळीबाजारात, हातात सुरमई धरून आपण भाव पाडत असताना पलीकडून खणखणीत आवाज येतो, "अवो, तुमचो फुडचो ब्रेक वाजता! गाडी आजच आणा!" सगळा बाजार वळून पाहतो. कोलंबीवाल्या काकीही म्हणतात, "आमीपण आयकलव." आता गुण मेस्त्री देणार आणि ते दहापैकी तर नक्कीच नसणार.