एक जूनचे आजोबा

इतिहास जिवंत करा, असं परिपत्रक वरून आलं की शाळेत पहिला जीव जातो तो खोक्यांचा. पुठ्ठ्याच्या तलवारी निघतात, त्यांना चंदेरी कागद चिकटतो, आयांच्या काजळपेन्सिली मिशांवर संपतात. सातवी 'ब'मधला सगळ्यात काटकुळा मुलगा अफजलखान होतो, कारण भाड्यानं आणलेला झगा आखूड निघाला आणि तो त्यालाच बसला. वाघनखं प्लॅस्टिकची. खान पडता पडता आईला हात करतो. फोटो पालकांच्या ग्रुपवर, अहवाल केंद्रप्रमुखांकडे.

एवढ्यानं जिवंत झाला नाही तर प्रकल्प असतोच. स्टेशनरीच्या दुकानात थोर समाजसुधारकांचा तक्ता मिळतो. कापा, डकवा, स्केचपेननं चौकट मारा. रात्री अकराला हे सगळं आई करते आणि सकाळी 'छान' असा शेरा मुलाला मिळतो.

गंमत म्हणजे बालभारतीनं सहावी, सातवी, आठवी, तिन्ही इयत्तांच्या पुस्तकांत सुरुवातीलाच इतिहासाची साधनं दिली आहेत. भौतिक, लिखित, मौखिक. मुलं ती गाळलेल्या जागा भरण्यापुरती पाठ करतात आणि पुढे सरकतात. लिखित साधन म्हणजे काय, ते हेडमास्तरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलपाआड पडलेलं असतं. त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ही कपाटं भराभर उघडली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. पिवळ्या पानांवर माणसं भिंगं घेऊन वाकली. इतिहासाचा एवढा जिवंत तास या राज्यात क्वचितच झाला असेल. वर्गातल्या पोरांना तेवढं आत घेतलं नाही.

जातीच्या रकान्यावर हवं तर कागद ठेवा, पण एकदा ते रजिस्टर मुलांपुढे उघडाच. जन्मतारीख १ जून. खालची १ जून. त्याच्याखालचीही तीच. अख्खं गाव एका दिवशी जन्मलं की काय? तसं नव्हे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला सहा वर्षं पुरी हवीत, बापाला तारीख ठाऊक नाही, मग गुरुजींनी टाकली १ जून. दरवर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपाच्या हारांची टंचाई होते ती या गुरुजींच्या टाकामुळे.

आता मौखिक साधन. रजिस्टरात आजोबांचा जन्म १ जून १९६८. त्यांची थोरली बहीण सांगते, "कोयनेचा भूकंप झाला तवा ह्यो रांगत हुता, म्या काखंत मारून भाईर पळाले." तो भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. रांगणारं पोर सात-आठ महिन्यांचं धरलं तरी आजोबा १९६७च्या उन्हाळ्यातले निघतात. कागद खोटा की आत्याआजी? बारा वर्षांचं पोर यावर तासभर भांडेल. हेच भांडण प्रौढ माणसांनी तळटीपा देऊन केलं की त्याला संशोधन म्हणतात. शिवाय आजोबांना नोकरीचं एक वर्ष फुकटात मिळालं, हेही पोराच्या ध्यानात येईल. कागद कुणाच्या सोयीनं लिहिला जातो, हा धडा पुस्तकात इतक्या उघडपणे सापडायचा नाही.

तेच रजिस्टर आणखी मागं चाळा. मुलीचं पहिलं नाव कोणत्या साली येतं? पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली ते १८४८ सगळ्यांना तोंडपाठ आहे. आपल्या गावात ते साल कधी उजाडलं? ती मुलगी कितवीतून गेली, आणि शाळा सोडल्याच्या कारणापुढे काय लिहिलंय? ज्या वस्तीतली मुलं आज पहिल्या बाकावर बसतात, त्या वस्तीचं पहिलं नाव कितव्या पानावर?

यात अडचण एकच. याची उत्तरं गाइडात नाहीत, त्यामुळे गुरुजींनाही ती शोधावी लागतील.